ताळा जुळत नाही तेव्हा

दिवाळीचा आणि हिशेबाचा संबंध जुना आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो; आणि पाटावर मांडण्याआधी त्या वह्या जुळलेल्या असाव्यात म्हणून एके काळी दुकानातल्या दिवाणजींची चार दिवस आधीपासून झोप उडालेली असे. ज्यांनी शाळेत पाटीवर गुणाकार केले त्यांना 'ताळा' हा शब्द समजावून सांगायला नको. २३ ला १४ ने गुणले आणि उत्तर ३२२ आले. ते बरोबर आहे की नाही हे पाहायचे, तर २३ मधल्या आकड्यांची बेरीज ५, १४ मधल्या आकड्यांची बेरीजही ५. पाच पंचे पंचवीस, त्यातले दोन आणि पाच मिळून ७. इकडे ३२२ मधले तीन, दोन आणि दोन मिळून ७. ताळा जुळला, पोरगे खेळायला मोकळे.

ताळा जुळला म्हणजे काय करायचे हे कोणाला शिकवावे लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो जुळला नाही म्हणजे. त्या वेळी माणूस काय करतो आणि त्याने काय करावे, याचा थोडा विचार येथे करायचा आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते आजच्या एका व्यवसायातले, संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामातले. उदाहरण नवे असले तरी प्रश्न जुनाच आहे. आपली अपेक्षा आणि समोर आलेले वास्तव यांचे पटेनासे झाले, की दोहोंपैकी कोणी बदलावे? आणि ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो?

ज्या घरांतून हा अंक वाचला जाईल त्यांपैकी पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, मुलगी, जावई किंवा सून पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरात, नाही तर थेट अमेरिकेत हेच काम करीत असेल. सणाला घरी आले तरी संगणक मांडीवर असतोच. आजी विचारते, "काय रे, मघापासून नुसता पडद्याकडे बघत बसलायस. हात तर हलत नाहीत तुझे. काम करतोयस की झोपलायस?" नातू म्हणतो, "आजी, टेस्ट नापास होतेय. का होतेय ते बघतोय." आजीच्या पोटात गोळा येतो, परीक्षेत नापास झाला म्हणजे पोराची नोकरी गेली की काय! तसे काही नसते. ही परीक्षा त्याची नसून त्याच्या प्रोग्रामची असते. आणि गंमत अशी की, प्रश्नपत्रिकाही बहुधा त्यानेच काढलेली असते. परीक्षार्थी त्याचा, प्रश्न त्याचे, आणि आदर्श उत्तरेही त्याचीच. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

पायथन ही आज जगभर वापरली जाणारी एक प्रोग्राम लिहिण्याची भाषा. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती रचली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नावावरून अजगर आठवत असला, तरी तिचे बारसे झाले ते एका इंग्रजी विनोदी दूरदर्शन-मालिकेवरून. या भाषेत लिहिणारा माणूस मोठे काम एका दमात लिहीत नाही. लहान लहान तुकडे पाडून लिहितो. अशा एका तुकड्याला फंक्शन म्हणतात. शहाणा प्रोग्रामर प्रत्येक फंक्शनच्या जोडीला एक चिमुकला ताळाही लिहून ठेवतो: याला अमुक दिले तर याने तमुक परत करावे. यालाच युनिट टेस्ट म्हणतात. असे ताळे लिहिण्याची एक सुटसुटीत रीत केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने स्मॉलटॉक नावाच्या भाषेसाठी घालून दिली. तिच्याच वळणावर तयार झालेले साधन २००१ साली पायथनच्या मूळ पेटाऱ्यात आले. एक आज्ञा द्यावी, की शेकडो ताळे काही क्षणांत फिरवून होतात. जुळले तर हिरवी अक्षरे, न जुळले तर तांबडी.

ही तांबडी अक्षरे किती थोडे बोलतात हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अपेक्षा एकाची होती, मिळाले दोन. इतकेच ती सांगतात. फंक्शन चुकले की अपेक्षा चुकली, याविषयी ती मौन पाळतात. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत एवढे शिरस्तेदाराने वाचून दाखवावे आणि निकाल न देता कोर्ट उठावे, तसा हा प्रकार असतो.

उदाहरणाशिवाय हे कोरडे वाटेल. समजा, फराळाचे डबे परगावी पाठवणाऱ्या एका गृहउद्योगासाठी आपला नातू प्रोग्राम लिहीत आहे. त्यात एक फंक्शन आहे, 'डब्यात भर'. त्याला पदार्थ सांगायचा आणि डबा द्यायचा. डबा दिला नाही तर त्याने स्वतः रिकामा डबा घ्यावा, पदार्थ त्यात ठेवावा आणि डबा परत करावा. नातवाने दोन ताळे लिहिले. पहिला: डबा न देता चकली सांगितली, तर डब्यात एकटी चकली असावी. दुसरा: डबा न देता करंजी सांगितली, तर डब्यात एकटी करंजी असावी. पहिला जुळतो. दुसरा जुळत नाही. डब्यात चकली आणि करंजी दोन्ही निघतात. बरे, दुसरा ताळा एकटाच फिरवून पाहावा, तर तो बिनतक्रार जुळतो! एकांतात सज्जन आणि चारचौघांत लबाड अशी माणसे आपण पाहिलेली असतात. परंतु यंत्राने असे का वागावे?

या घटकेला नातवापुढे चार वाटा असतात, आणि चारही वाटांनी तांबड्याचे हिरवे होते. पहिली वाट, अपेक्षा बदलण्याची. करंजीच्या डब्यात चकलीही असावी, असे ताळ्यातच लिहून टाकायचे. दुसरी, ताळ्यावर 'हा सध्या वगळावा' अशी चिठ्ठी चिकटवण्याची. तशी अधिकृत सोयच आहे. तिसरी, दोन ताळे कधी एकत्र फिरवायचेच नाहीत, एकेकटे फिरवायचे. आणि चौथी, ताळ्यातच आपल्या हाताने एक रिकामा डबा पुढे करायचा, म्हणजे फंक्शनवर स्वतः डबा घेण्याची वेळच येत नाही. शाळेत ताळा न जुळल्यावर उत्तरातला एखादा आकडा हळूच फिरवणाऱ्या पोरात आणि या नातवात फरक एवढाच, की त्या पोराची वही मास्तर तपासतात. येथे मास्तर असले तरी पुष्कळदा ते हिरवी अक्षरे पाहूनच सही करतात.

या वाटा मुळातच पापाच्या आहेत असे मात्र कोणी समजू नये. कधी कधी अपेक्षाच चुकीची असते, आणि ती बदलणे हाच प्रामाणिकपणा ठरतो. एखादा ताळा जुना होतो, तो वगळणेच योग्य असते. दोष आहे तो न पाहता वाट धरण्यात.

पाचवी वाट थांबून पाहण्याची आहे. त्यासाठी पायथनच्या पेटाऱ्यात 'पीडीबी' नावाचे एक साधन फार पूर्वीपासून आहे. प्रोग्रामच्या ज्या ओळीविषयी शंका असेल तेथे 'ब्रेकपॉइंट' एवढा शब्द लिहायचा. २०१८ सालच्या आवृत्तीपासून ही सोय झाली. धावता प्रोग्राम त्या जागी येऊन उभा राहतो. तो मोडत नाही की संपत नाही. हातातले काम हातात धरून उभा राहतो, आणि आता विचारा, अशा अर्थाची एक खूण पडद्यावर येते. मग एकेका अक्षराने प्रश्न करायचे. 'पी' म्हणजे अमुक वस्तूची या घटकेला काय स्थिती आहे ते दाखव. 'एन' म्हणजे एक ओळ पुढे सरक. 'एस' म्हणजे ज्या फंक्शनला हाक मारतो आहेस त्याच्या आत मला घेऊन चल. 'डब्ल्यू' म्हणजे आपण कोठे उभे आहोत आणि कोणाकोणाच्या सांगण्यावरून येथवर आलो ते सांग. 'यू' म्हणजे ज्याने बोलावले त्याच्याकडे एक पायरी वर चल. 'सी' म्हणजे आता चालू लाग. आजीला जे नुसते बघत बसणे वाटत होते, ते हे काम होते.

याला जोडून दुसरीही एक सोय आहे. ताळा मोडला की त्याच क्षणी, मोडला त्याच जागी आत शिरून पाहायचे. तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात, आणि नाव यथार्थ आहे, कारण तेथे पाहता सगळे येते पण पुढे काही चालत नाही. आपल्या उदाहरणात अशी तपासणी केली तर डब्यात चकली आणि करंजी शेजारी शेजारी दिसतील. चकली आत केव्हा आली हे मात्र दिसणार नाही, कारण ज्या फंक्शनने डबा भरला ते आपले काम आटोपून केव्हाच निघून गेलेले असते. जेथे बोंब झाली तेथेच चूक जन्मली असेल असे नाही, हा या विद्येतला पहिला धडा होय.

म्हणून नातू फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर थांबा घालतो आणि दोन्ही ताळे पुन्हा एकत्र फिरवतो. पहिल्या ताळ्याच्या वेळी प्रोग्राम थांबतो. डबा दाखव. रिकामा आहे. चालू लाग. दुसऱ्या ताळ्याच्या वेळी पुन्हा थांबतो. करंजी अजून आत पडलेली नाही. डबा दाखव. डब्यात चकली!

आता उलगडा होतो. 'डबा दिला नाही तर रिकामा डबा घे' हे वाक्य लिहिताना नातवाच्या मनातला अर्थ असा होता की, दर वेळी नवा डबा घ्यावा. पायथनने घेतलेला अर्थ असा की, फंक्शन प्रथम तयार झाले त्या वेळी एकच रिकामा डबा करून ठेवावा, आणि पुढे कोणी डबा दिला नाही की दर वेळी तोच पुढे करावा. पंगतीत एका पाहुण्याचे ताट न धुता दुसऱ्यापुढे मांडावे तसे हे झाले. दुसरा ताळा एकटा फिरवला की जुळत होता, कारण त्याच्याआधी त्या ताटात कोणी जेवलेलेच नसे. पायथनचा हा नियम गुप्त नाही. भाषेच्या अधिकृत पाठांत तो सावधगिरीच्या सूचनेसह लिहिलेला आहे. तरीही नवशिके आणि मुरलेले दोघेही त्याला ठेचकाळतात, कारण आपण लिहिलेले वाक्य वाचताना आपण आपलाच अर्थ त्यात वाचतो. उपाय सोपा असतो: डबा दिलेला नसेल तर फंक्शनच्या आत, त्या त्या वेळी, नवा डबा करावा.

मघाच्या चार वाटा आता आठवून पाहाव्यात. त्यांपैकी कोणतीही धरली असती तरी अक्षरे हिरवी झाली असती, आणि पहिल्या गिऱ्हाइकाची चकली पुढच्या प्रत्येकाच्या डब्यात जात राहिली असती.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकावे म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता समोरच्याचे केवळ मोडून काढायचे ती वितंडा. आज 'वाद' म्हटले की भांडणच डोळ्यांपुढे येते, यावरून या तिहींपैकी कोणाचा आपल्याला अधिक सराव आहे ते दिसते! न जुळणाऱ्या ताळ्याशी हे तिन्ही व्यवहार करता येतात. कसेही करून हिरवे करायचे, हा जल्प. 'हा ताळाच भिकार आहे, ज्याने लिहिला त्याला काही कळत नाही' म्हणून मोकळे व्हायचे, ही वितंडा. आणि ज्याने लिहिला तो आपणच असलो तरीही ती करता येते. थांबून एकेक प्रश्न विचारायचा आणि मिळेल ते उत्तर मान्य करायचे, हा वाद. वादाची अट एकच आहे. हरण्याची तयारी हवी. 'चूक तेथेच असणार, मला ठाऊक आहे' असे घोकत जो पीडीबी उघडतो, तो जेथे शंका आहे तेवढेच विचारतो, आणि नेमकी चकली जेथे बसलेली असते ती जागा सोडून सगळीकडे दिवा फिरवतो. न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत संशयालाही जागा दिलेली आहे. संशय म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याला दोन्ही बाजू अजून शक्य वाटतात त्याची ती मनःस्थिती होय, आणि शोधाला आरंभ तिच्यापासूनच होतो.

या साधनात एक मोहही दडलेला आहे. थांबलेल्या प्रोग्रामच्या डब्यातली चकली आपल्या हाताने काढून टाकता येते. मग 'चालू लाग' म्हणावे, की ताळा जुळतो. आपला तर्क खरा की खोटा हे पाहण्यापुरते हे करणे रास्त आहे. चांगला वैद्यही निदान असेच पडताळून पाहतो. पण तो उपचार नव्हे. पुढच्या खेपेस प्रोग्राम धावेल तेव्हा चकली आपल्या जागी असेल. पाहण्यासाठी मिळालेला अधिकार वास्तव सोयीचे करून घेण्यासाठी वापरला, की पाहण्याचे फळ हातून जाते.

आतापर्यंतच्या उदाहरणात ताळा खरा निघाला आणि प्रोग्राम खोटा. नेहमी असेच घडेल असे धरून चालणे हाही एक पूर्वग्रहच होईल. म्हणून दुसरे उदाहरण पाहू. त्याच गृहउद्योगाच्या बिलात एक रक्कम अडीच रुपये येते आणि ती पूर्ण रुपयांत करायची आहे. शाळेत आपण शिकलो की, अर्धा किंवा अधिक असेल तर वरचा आकडा धरावा. म्हणून ताळ्यात अपेक्षा लिहिली ३ ची. पायथन देतो २. नातू थांबा घालून पाहतो. आत येणारी संख्या बरोबर २.५ आहे, रतीभर इकडे तिकडे नाही. आणि पुढच्याच ओळीत तिचे २ होतात. ३.५ देऊन पाहावे तर ४ येतात. ४.५ द्यावे तर पुन्हा ४ च. येथे कोणी उष्टे ताट मांडलेले नाही. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनचा नियमच असा आहे की, बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम आकड्याकडे जावे. त्यालाही कारण आहे. दर वेळी अर्धे वरच ढकलले, तर हजारो रकमांच्या बेरजेत एकाच बाजूला भर पडत जाते. ती पडू नये.

मग चुकले कोण? शाळेचा नियम चुकीचा नाही, आणि पायथनचाही नाही. पीडीबी प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देत आहे, तरी हा प्रश्न सुटत नाही. कारण पीडीबी सांगतो ते काय आहे एवढेच. काय असावे हे त्याच्या पोटात कोठेही लिहिलेले नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते की, 'आहे' या शब्दाने बांधलेल्या विधानांवरून 'असावे' या शब्दाचे विधान आपोआप निघत नाही. मधली उडी कोणी तरी मारलेली असते. अर्धा रुपया कोणाच्या पदरात पडावा, हे ठरवायचे ज्याचा रुपया आहे त्याने. गृहउद्योगाच्या बाईंना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना शाळेचा नियम पसंत असेल, तर प्रोग्राम बदलावा. पायथनमध्ये तशी सोय आहे. त्यांना सम आकड्याचा नियम न्याय्य वाटला, तर ताळा बदलावा. नातवाचे कर्तव्य एवढेच की, त्याने उठून जाऊन विचारावे. एकट्याने पडद्यापुढे बसून, जी ओळ बदलायला सोपी ती बदलून टाकू नये.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते असे वाटते. अपेक्षा बदलावी की वास्तव बदलावे, याला कायमचे उत्तर नाही. पण दोहोंपैकी काहीही बदलण्याचा अधिकार दोन गोष्टी केल्यावरच मिळतो. काय घडले ते जागेवर थांबून पाहणे ही पहिली. आणि काय घडायला हवे होते ते ज्यांना त्याचे फळ भोगायचे आहे त्यांना विचारणे, ही दुसरी.

कोणी म्हणेल, डब्यात एक चकली जास्त गेली आणि बिलात अर्धा रुपया पुढेमागे झाला, एवढ्यासाठी न्यायसूत्रे आणि ह्यूम कशाला? त्यांनी ब्रिटनमध्ये घडलेली एक हकीकत ऐकावी.

तेथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसवली. ती पायथनमध्ये लिहिलेली नव्हती. पण ताळ्याचा प्रश्न तोच होता. गावोगावी लहान दुकानांतून पोस्टाचा कारभार पाहणारे सब-पोस्टमास्तर दिवसअखेर रोकड मोजत, आणि कित्येकांच्या बाबतीत पडद्यावरची रक्कम गल्ल्यातल्या रकमेपेक्षा जास्त निघे. ताळा जुळत नसे. चूक कोणाची हे ताळा सांगत नव्हता. ताळा ते कधीच सांगत नाही. वरच्या लोकांनी मात्र ते न पाहताच ठरवून टाकले: यंत्र बरोबर, माणूस चोर. अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आले. इंग्लंडच्या न्यायालयांतही, उलट पुरावा पुढे येईपर्यंत यंत्र नीट चालत होते असेच गृहीत धरले जाई. आणि यंत्राच्या आत डोकावण्याचे साधन नसलेल्या दुकानदाराने तो पुरावा आणावा कोठून? १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण गुन्हेगार ठरवले गेले. काही तुरुंगात गेले. कित्येकांनी नसलेली तूट भरून काढण्यासाठी घरदार गहाण टाकले. गावात तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्या पद्धतीत दोष होते असा निर्णय दिला. २०२१ साली अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांना निर्दोष ठरवले, आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आत दोष आहेत हे काहींना आधीपासून ठाऊक होते, हेही पुढच्या चौकशीत उघड झाले.

या साऱ्या प्रकरणात दुष्टपणा किती होता याचा निवाडा ज्यांनी करायचा ते करतील. आपल्यापुरते एवढे पुरेसे आहे की, त्याचा आरंभ कोणत्याही भयंकर कृत्याने झाला नाही. एका संध्याकाळी एक ताळा जुळला नाही आणि कोणी थांबून पाहिले नाही, एवढ्यानेच झाला. नातवाच्या पडद्यावरच्या तांबड्या ओळीचे आणि त्या दुकानदाराच्या गल्ल्याचे नाते आहे ते असे. पडद्यापुढे बसलेल्याला पलीकडचा माणूस दिसत नाही. तो दिसत नसतानाही तेथे आहे असे समजून वागायचे, यालाच या व्यवसायातली नीती म्हणावे लागेल.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ताळा जुळला म्हणजे सत्य सापडले असेही नाही. आरंभीच्या गुणाकारात कोणी ३२२ ऐवजी २३२ लिहिले असते, तरी दोन, तीन आणि दोन मिळून ७ च झाले असते; ताळा जुळला असता आणि उत्तर चुकले असते. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने हीच गोष्ट प्रोग्रामविषयी पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी बजावली होती: चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही. म्हणजे पाहा, हिरवी अक्षरे आपल्याला फार थोडे सांगतात. तांबडे अक्षर मात्र निश्चित काही तरी सांगते. आपल्या समजुतीत आणि जगात कोठे तरी अंतर पडले आहे, आणि ते कोठल्या दाराने आत शिरून पाहायचे, एवढे ते नक्की दाखवते. ज्याचे ऐकायचे त्याचेच तोंड बंद करण्याची आपल्याला घाई होते, ही यातली खेदाची गोष्ट आहे.

संगणकाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्याही घरी ताळे चुकतातच. मुलाचे गुण अपेक्षेपेक्षा कमी येतात. ठरलेल्या वेळी येतो म्हणालेला भाऊ येत नाही. आप्पांनी सांगितलेला आकडा आणि बँकेच्या पुस्तकातला आकडा जुळत नाही. अशा वेळी आपल्या तोंडून प्रश्न निघतो, "असे का केलेस?" तो प्रश्नासारखा दिसतो, पण निकाल त्यात आधीच दिलेला असतो, समोरच्याला उरते ती फक्त शिक्षेची वाट पाहणे, किंवा खोटे बोलून अक्षरे हिरवी करून दाखवणे. "काय काय झाले, ते पहिल्यापासून सांग" असे म्हणणे त्याहून कठीण आहे. त्याला वेळ लागतो, राग थोडा बाजूला ठेवावा लागतो, आणि आपलीच अपेक्षा चुकीची ठरली तर ती बदलण्याची तयारी ठेवावी लागते. कधी असेही निघते की, गुण कमी आले याचे कारण पोराच्या आळसात नव्हते. गेल्या वर्षीच्या एका न समजलेल्या धड्यात होते, आणि तो धडा समजला नाही हे त्याने सांगितले होते, पण कोणी थांबून ऐकले नव्हते. आणि कधी असेही निघते की, कारण आळसच होता. तेही कळलेले बरे. कारण मग बोलायचे ते नेमक्या त्या गोष्टीविषयी बोलता येते, आणि मुलालाही कळते की आपल्याला आधी विचारले होते.